अंगाला लागलेली हवा

मेणकापड चुरचुरलं.

पहाट व्हायची होती, दूधवालाही अजून फिरकला नव्हता, आणि त्या शांततेत गादीवरच्या मेणकापडाचा तेवढाच आवाज. मी डोळे उघडले नाहीत. आवाज ओळखीचा होता. अबोली ओल्यातून कोरड्यात सरकत होती, आईला जाग येऊ नये अशा बेताने. कडेला हातभर कोरडी जागा उरली असेल. तिथे अंग चोरून ती पडली आणि पुन्हा सगळं शांत झालं.

चार वर्षांच्या पोरीला असं अंग चोरायला कुणी शिकवलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. मनात आलं ते एवढंच, की आजही गोधडी न्यावी लागणार.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. तेव्हा आम्ही दोघीच सांगलीत, विश्रामबागेत एका घराच्या मागच्या खोलीत राहत होतो. अबोलीचे बाबा, म्हणजे माझा नवरा पारस, जानेवारीत मस्कतला गेला होता. तो गेल्यावर चारेक महिन्यांनी पोरगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. रोज नाही, अधूनमधून. खोलीला दोन खिडक्या, दोन्ही शेजारच्या भिंतीकडे उघडणाऱ्या. ऊन म्हणून नाही. एकदा गोधडी गच्चीवर टाकली, तर मालकीणबाई जिन्यातच उभ्या.

"मगदूमबाई, गच्चीवर आम्ही सांडगे घालतो. हे तिथं नको."

"पाण्यातनं काढलीय, काकू."

"काढली असेल. वास काय पाण्याला विचारून जातो?"

खरं तर नीट धुणं व्हायचंच नाही. नळाला पाणी सहाला यायचं आणि पावणेसातला जायचं. तेवढ्यात आंघोळी, डबा, अबोलीची वेणी. गोधडी कशीबशी पिळायची, पिशवीत कोंबायची, स्कूटरला अडकवायची. अबोलीला बालवाडीत सोडायचं आणि नऊच्या आत प्रयोगशाळा गाठायची.

सांगली-मिरज रस्त्याला आमची लहानशी संशोधन संस्था होती. माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. प्रयोगाच्या खोलीला लागून पंपाची खोली. तिथे निर्वात करणारा पंप दिवसभर घुमत असायचा आणि त्याचं अंग चुलीजवळच्या भिंतीसारखं ऊबदार. पंप, सिलिंडर, वायरिंग हे सगळं नायकवडीमामांच्या ताब्यात. पहिल्यांदा मी पिशवी घेऊन दारात घुटमळले तेव्हा त्यांनीच विचारलं.

"काय हाय ग त्यात?"

मी सांगितलं.

"मग वाळव की. पंप काय कुणाच्या बापाचा हाय? गरम तर हुतोयच फुकटचा." आणि जाता जाता म्हणाले, "माझा धाकटा धा वर्साचा हुस्तवर भिजवायचा. आता पोलिसात हाय."

तेव्हापासून गोधडी पंपावर वाळायला लागली. दुपारपर्यंत कडकडीत. मी घडी घालून पिशवीत ठेवायचे आणि कुणाला काही कळायचं नाही.

माझं काम कार्बनच्या नळ्यांवर होतं. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावतील इतक्या बारीक. त्यांचं जाळं एका काचेच्या चकतीवर पसरलेलं, दोन टोकांना सोन्याच्या पट्ट्या, आणि त्यातून अगदी थोडी वीज सोडलेली. ती किती अडते, म्हणजे रोध किती, ते यंत्र दर सेकंदाला लिहून घ्यायचं. चकतीवरून हवा वाहत असायची. हवेत दुसरा कुठला वायू मिसळला तर रोध बदलतो का आणि किती, एवढाच माझा विषय. एवढाच म्हणजे चार वर्षांचा.

माझे मार्गदर्शक कुंभोजकर सर मराठीतून शिकवायचा हट्ट धरणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "शोषण आणि अधिशोषण, फरक काय?"

मी पुस्तकातली व्याख्या म्हटली.

"पाठांतर चांगलंय. आता माणसासारखं सांगतो. शोषण म्हणजे पोटात घेणं. अधिशोषण म्हणजे नुसतं अंगाला लागणं. हवा लागते ना माणसाला, शहराची, संगतीची, तसं. आणि या नळीची गंमत अशी, मगदूम, की तिला पोट नाहीच. तिचा प्रत्येक अणू बाहेरच्या अंगाला. काहीही आलं की ते तिच्या अंगालाच लागतं, आणि तिचा स्वभाव बदलतो."

हे मी पुढे स्वतः पाहिलं. साध्या हवेतली नळी घ्या, तिच्या अंगावर प्राणवायू बसलेला असतो. तो तिचे इलेक्ट्रॉन ओढून धरतो आणि मग तिच्यातून वीज वाहते ती त्या रिकाम्या जागांच्या जोरावर. तिच्यावर अमोनिया येऊन बसला की तो उलट इलेक्ट्रॉन देऊ करतो. रिकाम्या जागा भरतात, वीज अडते, रोध चढतो. आणि तीच नळी निर्वातात ठेवून बरेच दिवस तापवली, अंगावरचं सगळं उडून गेलं, की ती अगदी वेगळी वागायला लागते. जिला आपण तिचा मूळ स्वभाव समजत होतो तो हवेचा होता.

त्या वर्षी कोरड्या हवेचे सिलिंडर वेळेवर आले नाहीत. मामांनी पंपाच्या खोलीत एक छोटा कॉम्प्रेसर बसवला आणि त्याची नळी खिडकीतून बाहेर सोडली. बाहेरची हवा ओढायची, दमट हवा कोरडी करणाऱ्या निळ्या खड्यांतून न्यायची आणि माझ्या चकतीवर सोडायची. काम भागत होतं.

आणि मग रोधाच्या आलेखाच्या रेघेत डोंगर यायला लागले. सकाळी साडेनऊच्या सुमाराला रोध चढायचा, दुपारी हळूहळू उतरायचा. मी सोडलेला कुठलाच वायू तेव्हा आत नसायचा. सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. अडीच महिने झाले तेव्हा सरांनी सगळे आलेख टेबलावर एकाखाली एक मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वार लिहा बरं खाली."

मी लिहिले. बुधवार. शनिवार. बुधवार. शनिवार. दोन-तीन आठवडे रिकामे, बाकी सगळे तेच.

"आता खिडकीतून काय दिसतं सांगा."

खिडकीतून शेडबाळ्यांचा बर्फाचा कारखाना दिसायचा. बर्फ गोठवायला अमोनिया लागतो, हे त्या भागात पोरासोरांना माहीत.

"आठवड्यातून दोनदा ते यंत्रातला गाळ काढत असणार, झडप सैल असणार, आणि तिथून जे सुटतं ते तुमची नळी चारशे मीटरवरून वास घेतेय," सर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "आजवर आपण बाटलीतला वायू हुंगवत होतो. हे खरं गाव आहे, खरी गळती आहे. संशोधन समितीपुढे हे ठेवलं तर तुमच्या शिष्यवृत्तीची वर्षाची मुदतवाढ कुणी अडवत नाही."

ती मुदतवाढ मला हवी होती. ती मिळाली नाही तर प्रबंध अर्धा सोडून कुठेतरी तासिकेवर शिकवायला जावं लागणार होतं. समिती वीस तारखेला होती. सरांना मात्र तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. माणसं काम करतात तिथे अमोनिया गळतोय हे कळल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सोमवारी ते प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीला पत्र देणार होते. त्याआधी मालकाला सांगायला हवं म्हणून त्यांनी गुरुवारी शेडबाळ्यांना बोलावून घेतलं.

पांढरा सदरा, काळी टोपी, साठीचे गृहस्थ. त्यांनी आलेख हातात घेतला आणि लांब धरून पाहिला.

"हे काय, पोटाचा ईसीजी?"

सरांनी समजावलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन शेडबाळे म्हणाले, "सर, तीस वर्सं मी त्या अमोनियात हाय. जरा सुटला की डोळं चुरचुरत्यात, नाक धरून पळायला लागतंय. बुधवारी-शनिवारी माझी चौदा माणसं पळत्यात, आणि मला दिसत नाही, असं कसं हुईल?"

"तुमच्या नाकाला कळत नाही इतकं कमी असेल. यंत्राला कळतं."

"यंत्राला कळतंय मग यंत्रालाच विचारा, कुठनं आलं म्हणून." ते उठले. दाराशी थांबून माझ्याकडे वळले. "ताई, हे तुमचं मशिन का?"

"हो."

"तुमचं लेकरू हाय का?"

मी दचकले. "आहे. का?"

"न्हाई, सहज. नोटीस आली की कारखाना महिना-दोन महिनं बंद. माझं भागंल. त्या चौदांच्या लेकरांचं तुम्ही बघा, एवढंच म्हणतो."

ते गेल्यावर सर म्हणाले, "सगळे मालक माणसांची ढाल करतात." पण पत्राचा मसुदा त्यांनी पुन्हा वाचायला घेतला.

शनिवारी बालवाडीला सुट्टी असायची. त्या शनिवारी अबोलीला घेऊनच मी आले. तिला ऑफिसच्या खोलीत आलेखाचे वाया गेलेले कागद आणि रंगीत पेन्सिली दिल्या. नाव अबोली, पण एरवी तोंड अखंड चालू असायचं. हल्ली मात्र ती नावाला जागत होती. पहाटे मेणकापड चुरचुरलं होतं, म्हणून गोधडी पंपावर टाकून मी यंत्रापाशी बसले. साडेनऊ झाले. रेघ चढायला लागली.

मी मामांना हाक मारायला पंपाच्या खोलीत गेले. मामा नव्हते. खिडकी बंद होती. ती बंद आहे हे मी कितीदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. खिडकी बंद, मग कॉम्प्रेसरची नळी बाहेर कशी?

ती बाहेर नव्हतीच. खिडकीखालच्या कट्ट्यावर वेटोळं करून पडली होती. तिचं तोंड पंपाकडे, आणि पंपावर माझी गोधडी वाफाळत होती. मध्ये वीतभर अंतर.

मामा आले. "नळी? ती मे महिन्यातच आत घेतली की. खिडकीतनं कबुतरं शिरायला लागली, दोन तर पंपाच्या पट्ट्यात सापडून मेली. हवा काय, हितली काय आन् भायरची काय, हवाच न्हवं?"

मी खाली वाकून हुंगलं. मला वास आला नाही. मला त्या वासाची इतकी सवय झाली होती की तो वास आहे हेच मी विसरले होते. रात्रभर मुरलेली मुलाची लघवी, आणि वर ऊब. त्यातून काय सुटतं हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही सांगता येईल.

गोधडी उचलून मी बाहेर व्हरांड्यात नेली आणि येऊन बसले. पाच मिनिटांत रेघ उतरायला लागली. परत आणून पंपावर टाकली. चढली. पुन्हा नेली, उतरली. चार वेळा केलं. इतका स्वच्छ प्रयोग मी चार वर्षांत केला नव्हता.

मग मी तिथे नुसती बसून राहिले. खरं लिहायचं तर मनात काय आलं ते लिहायलाच हवं. कुणाला सांगायची काय गरज होती? पुढच्या बुधवारपासून गोधडी आणायची नाही. डोंगर थांबतील. सर म्हणतील, शेडबाळ्यांनी घाबरून झडप बदलली. पत्र जाईल, महिनाभर कारखाना बंद राहील, तपासणीत काही सापडणार नाही, पुन्हा चालू होईल. मला वर्ष मिळेल. गोधडीबद्दल, पोरीच्या अंथरुणाबद्दल, आमच्या खोलीत ऊन येत नाही याबद्दल कुणालाच काही कळणार नाही.

शेजारच्या खोलीत अबोली काहीच आवाज करत नव्हती. मूल इतकं गप्प कसं बसतं, असं वाटून मी डोकावले. ती मान खाली घालून रंगवत होती. पेन्सिल खाली पडली तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी रागावले का ते, आणि मग उचलली.

मी गोधडी उचलली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुमचा कारखाना, सर."

सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चारही चढ-उतारांचा कागद मी पुढे सरकवला. सरांनी तो पाहिला, गोधडीकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसत बसले. मी ओरडा खायच्या तयारीने उभी होते. प्रयोगशाळेत घरचे कपडे वाळवले, तीन महिन्यांची नोंद नासवली, चौदा माणसांच्या पोटावर पाय येता येता राहिला. यातलं काहीही ते म्हणू शकले असते.

"मे महिन्यापासूनचं सगळं गेलं," ते म्हणाले.

"हो."

"पत्र आता मी देत नाही. सोमवारी शेडबाळ्यांकडे जाऊन क्षमा मागावी लागेल. तुम्हीही चला."

"येते."

"समितीला मी खोटं सांगणार नाही, मगदूम."

"नका सांगू."

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. माणूस सरळ होता पण शास्त्रज्ञ होता, अर्धवट उत्तर त्यांना झोप येऊ देत नसे. त्यांनी तो एकाखाली एक लावलेला गठ्ठा पुन्हा पुढे ओढला.

"वायू कुठून आला ते कळलं. नळीच्या अंगाला कसा लागला तेही कळलं. पण बुधवार आणि शनिवारच का? मूल काय वार बघून अंथरूण भिजवतं?"

त्यांनी मला टोचायला विचारलं नव्हतं. आलेखाला विचारावं तसं विचारलं होतं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वार मी कधी पाहिलेच नव्हते. जे माझ्या हाताने दर वेळी पिळून काढत होते त्याचे वार यंत्राने लिहून ठेवले होते. बुधवारची पहाट म्हणजे मंगळवारची रात्र. शनिवारची पहाट म्हणजे शुक्रवारची रात्र.

मंगळवारी आणि शुक्रवारी पारसचा फोन यायचा. त्या दोन दिवशी त्याची पाळी लवकर सुटायची. अबोलीशी तो मेपासून बोलत नव्हता. फोन ती झोपल्यावरच कर, असं मीच त्याला सांगितलं होतं, कारण मेमध्ये त्याने सांगून टाकलं होतं की तो आता परत येणार नाही. सांगलीला नाही आणि आमच्याकडेही नाही. तिथे त्याचं दुसरं काही सुरू झालं होतं. हे मी आईला सांगितलं नव्हतं, भावाला नाही, नायकवडीमामांना नाही, कुणालाच नाही. फोन आला की मी न्हाणीघरात जायचे, दार लावायचे, ड्रममधलं पाणी तांब्यातांब्याने बादलीत ओतत राहायचे आणि त्या आवाजात बोलायचे. बाहेर येऊन पाहायचे तर अबोली भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. गाढ झोपलीय असं मी दर वेळी धरून चालले होते. जे दोन-तीन आठवडे आलेखात रिकामे होते, त्या आठवड्यांत त्याचा फोनच आला नव्हता.

"मगदूम?" सर म्हणाले. "बरं वाटत नाहीये का? बसा."

"मूल वार बघत नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एक प्रश्न अर्धा सोडून दिला. गोधडीची नीट चौपदरी घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "घरी जा आज," म्हणाले. "लवकर जा."

मुदतवाढ मिळाली नाही. शेडबाळ्यांनी मात्र सोमवारी आम्हा दोघांना चहा पाजला आणि माझ्या हातात एक मोठी पिशवी दिली. आत दोन नवी मेणकापडं होती. सरांनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. ते नंतरचं.

त्या शनिवारी मी अबोलीला घेऊन बाहेर पडले तेव्हा अकराही वाजले नव्हते. आवारात ऊन होतं. स्कूटर सुरू न करता मी तिला पुढे उभी केली, तिची वेणी सैल झाली होती ती घट्ट केली, उगाचच पुन्हा सोडून पुन्हा घातली. कसं विचारावं ते समजत नव्हतं.

"अबो, रात्री तुला जाग येते का ग?"

ती स्कूटरच्या आरशात स्वतःकडे बघत राहिली.

"मी रागावणार नाहीये. गोधडीसाठी नाही विचारत."

"थोडीशी येते."

"मग आईला हाक का नाही मारत?"

"तू आत असतेस ना. पाणी ओतत."

आरशात मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. मी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता आणि त्याखाली तो दुसराही वास होता. आज मला तो आला.

"पाण्यातसुद्धा ऐकू येतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, मला माहिती देत होती. "तू रडतेस आणि बाबांना सारखं एकच विचारतेस. अबोलीला मी काय सांगू, अबोलीला मी काय सांगू."

मी तिला धरून ठेवलं होतं. तिने मान वळवून खालून वर माझ्याकडे पाहिलं.

"मग काय सांगायचं ठरलं, आई?"